गायरानातला सोलर आणि टेकडीवरून दिसणारं शिवार

आमच्या गायरानात सोलर प्लांट येणार हे कळलं ते ग्रामसभेच्या नोटिशीवरून, तेही घरकुल यादीच्या खालच्या विषयात, "मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 अंतर्गत प्रकल्पास सहकार्य करणेबाबत" एवढ्या एका ओळीत. मी ग्रामपंचायत सदस्य, घरी कांदा आणि मका, गाव मनमाड आणि येवल्याच्या मधल्या कोरड्या पट्ट्यातलं, नाव सांगत नाही कारण कंपनीचे लोक अजून रोज भेटतात आणि चहा पण पाजतात. गावाच्या उत्तरेला गायरान, त्याच्या मागे लांबवर अंकाई-टंकाईचे किल्ले, आणि गायरानाच्या पश्चिमेला खंडोबाची टेकडी. सोलर आला तर या सगळ्याच्या बरोबर मध्ये येणार होता.

आधी सांगते, मी सोलरच्या विरोधात नव्हते आणि आजही नाही. जे हिवाळ्यात रात्री बाराला बॅटरी घेऊन कांद्याला पाणी द्यायला गेलेत आणि ज्यांनी बांधावर बिबट्याचे ठसे बघितलेत त्यांना दिवसा लाइट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. या योजनेत शेतीचे फीडर, म्हणजे शेतपंपांना वीज नेणाऱ्या लाइनी, दिवसा सोलरवर चालवायचे म्हणून प्लांट सबस्टेशनपासून 5 ते 10 किलोमीटरच्या आत लागतो, म्हणजे तो गावालगतच येणार, कुठे वाळवंटात नाही. एका मेगावॅटला साधारण 4-5 एकर धरा. खाजगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ, आणि ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख असे 3 वर्षं, म्हणजे 15 लाख. त्यामुळे ग्रामसभेत विरोध असा कोणी केलाच नाही. आमचा 10 मेगावॅटच्या आसपासचा, गायरान आणि बाजूची दोघांची जमीन धरून चाळीस-पन्नास एकर.

दिसण्याचा प्रश्न पहिल्यांदा काढला तो मेंढरं राखणाऱ्या आबांनी. ते म्हणाले, "ते सगळं कबूल, पण टेकडीवर बसल्यावर खाली काय दिसंल ते सांगा." लोक हसले. सरपंच म्हणाले आबा तुम्हाला शिवार बघायचंय का लाइट पाहिजे. मला मात्र ते डोक्यात बसलं, कारण माझी नणंद साक्रीकडे दिलेली आहे आणि तिकडे शिवाजीनगरला महाजनको या सरकारी वीज कंपनीचा 125 मेगावॅटचा प्रकल्प 2013 पासून चालू आहे, तो बघितल्यामुळे पॅनलचं शेत म्हणजे घराच्या छतावरच्या चार पाट्या नसतात हे मला माहीत होतं. आमच्या लोकांनी सोलर बघितलेला तो फक्त पंपाचा.

मग चौकशी केली की हे कसं दिसेल याचा काही अभ्यास, सुनावणी वगैरे असते का. नसते. सोलर पीव्ही (म्हणजे पॅनलच्या) प्रकल्पांना 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेतली मंजुरी लागत नाही त्यामुळे जनसुनावणी नाही, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2016 पासून सोलर पांढऱ्या गटात टाकलाय, म्हणजे प्रदूषण जवळपास नाहीच असा. धूर नाही आवाज नाही हे बरोबरच आहे. पण मग शिवार कसं दिसणार हे विचारायला जागाच उरत नाही. इंग्लंडमध्ये मोठ्या सोलरची परवानगी मागताना कुठून कुठून किती दिसेल याचा अहवाल फोटोंसकट जोडतात, हे मला पुतण्याने सांगितलं, तो नाशिकला आर्किटेक्चर करतो. आपल्याकडे ते कागद कोणी मागत नाही, पण मागायला बंदी पण नाही, एवढं मी त्यातून उचललं. ग्रामसभेचा ठराव आपल्या हातात होता आणि कंपनीला तो भांडणाशिवाय पाहिजे होता.

पहिलं काम म्हणजे लेआउट मिळवणं, आणि यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. कंपनीने आधी दिलं ते एक रंगीत चित्र, ड्रोनवरून काढल्यासारखं, खाली हिरवंगार गवत, निळी पॅनल, कडेला फुलझाडं. आमच्याकडे असं हिरवं गवत श्रावणात असतं, त्यानंतर आठ महिने शिवार मातकट. मी म्हटलं साहेब हे चित्र नको, मोजमापाचा नकाशा द्या. "ताई, तो टेक्निकल असतो, तुम्हाला समजणार नाही." मग पुतण्याने सांगितलं की पीडीएफ मागू नको, केएमएल फाइल माग, ती गुगल अर्थवर उघडते आणि कुठला कोपरा कुठे ते आपल्या मोबाइलवर दिसतं. ती मागितल्यावर साहेबांचा सूर जरा बदलला. फाइल आली तेव्हा कळलं की पूर्ण प्लांट एक सलग आयत होता, मधला ओढा सरळ करून कडेने वळवलेला, टेकडीकडे जाणारी जुनी गाडवाट आत गेलेली, आणि हिवराची पाच-सहा मोठी झाडं जिथे आहेत तो उंचवटा सपाट करायचा.

नकाशा बघून पण लोकांना अंदाज येईना, म्हणून आम्ही बांबू लावले. पॅनलची मागची कड आपल्याकडे साधारण सात-आठ फुटांवर जाते (नाशिक 20 अंश अक्षांशावर आहे त्यामुळे पॅनल फार उभी करावी लागत नाहीत, इंग्लंडपेक्षा आपल्याला हा फायदा), तर तेवढ्या उंचीचे बांबू चारी कोपऱ्यात आणि मध्ये मध्ये, वर जुन्या साड्यांच्या पट्ट्या बांधून. बचत गटाच्या बायकांनी हे काम एका सकाळी उरकलं. आणि मग सगळ्यांना टेकडीवर नेलं. वरून त्या लाल-पिवळ्या पट्ट्या कुठपासून कुठपर्यंत फडकतायत ते बघितल्यावर ग्रामसभेत हसलेले लोकच म्हणायला लागले, एवढं? सरपंच तर बराच वेळ काही बोललेच नाहीत. सांगून, भाषण करून जे झालं नसतं ते त्या साड्यांनी केलं.

फोटोची एक गोष्ट सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्याने फोटो काढला की लांबचं सगळं लहान दिसतं, अंकाई सुद्धा मुंगीएवढी होते, कारण ती लेन्स वाइड असते. डोळ्याला जेवढं दिसतं त्याच्या जवळपास यायचं तर 50 मिलिमीटरच्या लेन्ससारखा फोटो पाहिजे, म्हणजे बहुतेक मोबाइलवर दोनच्या झूमच्या आसपास, आणि उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून. पुतण्याने तसे फोटो काढले: गावातल्या पारावरून, शाळेच्या गेटवरून, येवला रोडच्या फाट्यावरून, टेकडीच्या ओट्यावरून, आणि वर अंकाईवर अगस्ती ऋषींच्या ठिकाणाहून. त्या फोटोंवर कॉम्प्युटरवर पॅनल बसवली. शिवाय क्यूजीआयएस नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात सॅटेलाइटवरून मिळणारी जमिनीच्या उंचसखलाची फाइल टाकून कुठून प्लांट दिसेल आणि कुठून उंचवट्यामुळे दिसणार नाही हे रंगवून काढता येतं. त्यात झाडं-घरं धरलेली नसतात त्यामुळे ते जरा जास्तच दाखवतं, पण कुठे जाऊन उभं राहायचं ते कळतं.

यातून जी गोष्ट माझ्या डोक्यात पक्की झाली ती अशी, की कंपनी ज्याला लपवणं म्हणते ते रस्त्यावरून गाडीत जाणाऱ्यासाठी असतं. फाट्याला दाट झाडी लावली, गेटवर बोगनवेल चढवली की साहेब लोकांच्या गाडीतून सगळं छान. पण आम्ही आमचं शिवार रस्त्यावरून कुठे बघतो, आम्ही बघतो टेकडीवरून, आणि उंचावरून बघणाऱ्यासमोर कुंपणाची झाडं कितीही वाढवा, उपयोग शून्य. वरून बघणाऱ्यासाठी एकच इलाज, तो म्हणजे सलग तुकडा फोडायचा. ओढा, वाट, झाडं यांनी त्याच्या मध्ये रेघा पाडायच्या, म्हणजे डोळ्याला शिवाराचा जुना नकाशा सापडतो. आणि हे फक्त लेआउटच्या वेळेला होतं. एकदा पॅनलचे खांब, म्हणजे पाइल, जमिनीत ठोकले की मग कुंड्या ठेवा नाहीतर रांगोळी काढा.

कंपनीच्या इंजिनिअरसोबत बैठका झाल्या त्यात तो मुलगा खरं तर चांगला होता, सांगलीकडचा, ऐकून घ्यायचा. त्याचं म्हणणं ओढा ठेवला तर पॅनल कमी बसतील. आमचं म्हणणं ओढा वळवून पहिल्या मोठ्या पावसात तो परत जुन्या जागेने आला तर तुमची पॅनल कुठे जातील. हे त्याला पटलं, दिसण्याचं किती पटलं माहीत नाही. शेवटी जास्त वॅटची पॅनल घेऊन, 540 च्या जागी 580 ची, त्यांनी बरीचशी भरपाई केली आणि ओढ्याच्या दोन्ही बाजूंना पट्टा मोकळा सोडला. गाडवाट राहिली. हिवर राहिले. एका आयताचे तीन तुकडे झाले. ओढ्याच्या पट्ट्याला कुंपण नाही, तिथून ससे-कोल्हे आणि ममदापूरच्या राखीव क्षेत्राच्या बाजूने भटकत येणारी काळविटं जाऊ शकतात, हे आम्ही मागितलेलं नव्हतं पण आपोआप मिळालं.

झाडांवर मात्र खूप वाद. त्यांचा पहिला मुद्दा सावली, आणि तो खोटा नाही, एका पॅनलवर सावली पडली तर जोडलेली बाकीची पण कमी वीज देतात. म्हणून आम्ही दिशेने बोललो. उत्तरेच्या कडेला कितीही उंच झाड लावा, उन्हाळ्याचे थोडे आठवडे सोडले तर दुपारची सावली पलीकडेच पडते. तिथे कडुनिंब, करंज, हिवर. दक्षिणेला, म्हणजे गावाच्या बाजूला, 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य साधारण 46-47 अंशांवर असतो, दहा फुटी झाडाची सावली दहा फुटांच्या आत, आणि कुंपणाच्या आत तसाही गाडीचा रस्ता ठेवतात, सावली त्या रस्त्यावर. त्यात पारावरून बघणाऱ्यासाठी सात-आठ फुटांची वई (झुडपांचं कुंपण) पुरते, पॅनल झाकतात आणि वरून अंकाई दिसत राहते. खरी अडचण पूर्व-पश्चिम कडांची, सकाळ-संध्याकाळ लांब सावल्या, तिथे बुटकं लावायचं ठरलं.

कोणती झाडं? त्यांच्या यादीत वरती कोनोकार्पस. भराभर वाढतो, वर्षभर हिरवा. मी म्हटलं गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे, आम्हाला कशाला. आमची यादी होती निर्गुडी, करवंद, सीताफळ, बोर, घायपात आणि थोडा शेर. निर्गुडीला शेळी तोंड लावत नाही, हा आमच्याकडे झाड निवडायचा पहिला नियम. शेराचा चीक डोळ्यात गेला तर वाईट म्हणून शाळेच्या बाजूला तो नको असं बायकांनी सांगितलं, ते ऐकलं गेलं. आणि एकाच जातीची सरळ ओळ नको, मिसळून लावा, सरळ ओळ म्हणजे हिरवी भिंतच.

रंगाचं सांगितलं तर लोक म्हणतात हे काय बायकी. पण कंट्रोल रूम पांढरी-निळी असते ना, ती पाच किलोमीटरवरून पॅनलच्या आधी दिसते. आम्ही मातकट रंग मागितला, मिळाला. तारेच्या कुंपणाला ते हिरवा रंग देत होते, मला तो चुकीचा वाटला कारण आमच्याकडे मार्चमध्ये पोपटी हिरवं काहीच नसतं, मग कुंपणच उठून दिसतं. शेवटी साधी जस्ताची जाळी आली कारण ती आधीच घेऊन ठेवलेली होती. पहिल्या वर्षी चकाकली, आता काळवंडतेय, चालतंय.

चकाकण्यावरून आठवलं. टेकडीवर सकाळची आरती असते आणि पॅनल तिच्या पूर्वेला खाली. इंजिनिअर म्हणाला काचेवर कोटिंग असतं, दोन-तीन टक्केच प्रकाश परत जातो. ते सरळ डोक्यावरच्या उन्हाला. तिरप्या उन्हाला काच जास्त परत फेकते, आणि सकाळी ऊन तिरपंच असतं. वाद घालत बसण्यापेक्षा आम्ही बघितलं, त्याच बाजूला नानांचा सौर पंप आहे, त्याची पॅनल सकाळी टेकडीवरून बघत बसलो. सूर्य थोडा वर आल्यावर काही मिनिटं डोळ्याला लागेल अशी चमक आली आणि गेली. पंपाची पॅनल थोडी, इथे हजारो, मग ती चमक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाणार. त्याला लेआउटमध्ये काही पूर्ण इलाज सापडला नाही. मग पुतण्याने सुचवलं की झाड पॅनलजवळ नको, बघणाऱ्याजवळ लाव. ओट्याच्या पूर्वेला, उभं राहिल्यावर नजर जिथे खाली जाते तिथे, चार कडुनिंब आणि दोन सीताफळं, आणि उत्तरेला अंकाईकडे मोकळी फट. डोळ्याजवळचं एक झाड लांबच्या शंभर झाडांचं काम करतं. खर्च काहीच नाही. हे मला पूर्ण प्रकरणातलं सगळ्यात हुशारीचं काम वाटतं आणि ते श्रेय माझं नाही.

हे सगळं ठरावात घातलं, नकाशा आणि फोटो जोडून, कंपनीच्या माणसाची सही घेऊन. झाड मेलं तर पुढच्या पावसाळ्यात बदलून देणार, तीन वर्षं पाणी देणार, हे पण लिहिलं. मधेच कोणीतरी पिल्लू सोडलं की झाडांचा खर्च ग्रामपंचायतीच्या 15 लाखांतून करा. तिथे मात्र सरपंच पण चिडले, तो पैसा पाण्याच्या टाकीला आणि अंगणवाडीला होता.

सही झाली म्हणजे काम झालं असं नाही. रविवारी सकाळी पोकलेन हिवराच्या उंचवट्यावर चढलं, ठेकेदाराला म्हणे जुनाच नकाशा दिलेला. आबांनी मेंढरं तिथेच बसवली आणि मला फोन केला. मी नकाशा घेऊन गेले, पोकलेनवाल्याला दाखवला, तो बिचारा म्हणतो मला तासावर पैसे, मी कुठेही खोदतो. दुपारी इंजिनिअर आला, उंचवट्याचा एक कोपरा गेला तो गेलाच, झाडं वाचली. तेव्हापासून ठरावाची झेरॉक्स ठेकेदार, सुपरवायझर, वॉचमन सगळ्यांकडे एकेक दिली, मराठीत आणि हिंदीत, कारण पाइलिंगची टीम उत्तरेकडची होती.

लावणी पहिल्या पावसात झाली आणि मग पावसाने महिनाभर दडी मारली, आमच्याकडे हे नेहमीचंच. पश्चिमेची ओळ बरीच वाळली. पण पॅनल धुवायला टँकर येतो, साधं पाणी, साबण नसतो, ते पाणी पॅनलवरून खाली पडून वाया जायचं, आता टँकर धुणं झालं की उरलेलं पाणी वईच्या चरात सोडतो. दक्षिणेची वई आता कमरेच्या वर आलीय. निर्गुडी जोरात, करवंद हळू, सीताफळं लोकांनी लहानपणीच उपटून घरी नेली त्याला इलाज नाही.

मेंढरांचं सुद्धा हळूहळू जमलं. आत गवत वाढलं की ते वाळतं आणि वाळलेल्या गवताला आग लागायची भीती कंपनीलाच जास्त. तणनाशक मारून जमीन बोडकी केली तर वरून ती भाजल्यासारखी दिसणार, म्हणून आम्ही मागे लागलो की दिवाळीनंतर मेंढरं आत सोडा. मेंढरं चालतील, शेळ्या नाही, शेळी पॅनलवर चढते आणि वायर चघळते. आबांच्या कळपात दोन शेळ्या होत्या त्या गेटवर बांधून ठेवाव्या लागतात आणि त्या दिवसभर ओरडतात, वॉचमन वैतागलाय.

परवा अंकाईवर गेलो होतो, पुतण्याला तोच फोटो त्याच जागेवरून परत काढायचा होता. प्लांट दिसतो, न दिसायचा प्रश्नच नाही. ट्रेकिंगला आलेली पुण्याची पोरं तिकडे बोट दाखवून म्हणत होती ते बघ तळी आहेत तीन, मी म्हटलं बाबांनो आमच्या तालुक्यात तेवढं पाणी असतं तर अजून काय पाहिजे होतं. पण तीन म्हणाले, एक नाही म्हणाले, मधली ओढ्याची हिरवी रेघ त्यांना दिसली, गाडवाट दिसली.

राहिलंय ते दोन गोष्टींचं. सबस्टेशनपर्यंतची लाइन ठरावात गावाजवळच्या भागात जमिनीखालून लिहिली होती, ती शाळेपर्यंत केबलने आली आणि पुढे खांबांवर चढली, कंपनी म्हणते खडक लागला. आणि रात्रीचे फ्लडलाइट, ते माणूस हलला तरच लागतील आणि तोंड खाली असेल असं ठरलं होतं, अर्धे तसे आहेत, अर्धे रात्रभर चालू, टेकडीवरून आधी मनमाडच्या बाजूचा उजेड दिसायचा आता आमचाच. दोन्हीचं पत्र दिलंय, पोच घेतलीय, विषय येत्या ग्रामसभेच्या नोटिशीत घातलाय. शेजारच्या गावाला पण सोलर मंजूर झालाय, तिथल्या सरपंचबाई आमचा ठराव मागायला आल्या होत्या. त्यांना ठराव दिला, केएमएलचं सांगितलं, बांबू पण दिले, साड्या मात्र तुमच्या आणा म्हटलं.